बेळगाव ते कोल्हापूर, व्हाया दिल्ली

बेळगावहून कोल्हापूर साधारण एकशे दहा किलोमीटर. सकाळच्या एसटीत बसलं की संकेश्वर, निपाणी, कागल करत माणूस दोन-अडीच तासांत कोल्हापूरच्या स्टँडवर उतरतो. हे अंतर इथल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारा, बरोबर सांगेल. पण हाच प्रश्न तारांना, उपग्रहाला, संगणकाला विचारला, तर गेल्या चाळीस वर्षांत प्रत्येकाने वेगळं उत्तर दिलं आहे. त्यातल्या एका उत्तरात जवळपास दीड लाख किलोमीटरचा आकडा आहे, आणि तो खोटा नाही.

मराठीत ‘लागणे’ हे क्रियापद फार कामसू. भूक लागते, ठेच लागते, उताऱ्यावर नाव लागतं, आणि फोनही लागतो. सीमाभागातल्या ज्यांनी ट्रंक कॉलचे दिवस पाहिले त्यांना या शेवटच्या लागण्याची किंमत ठाऊक आहे. एक्स्चेंजला नंबर सांगायचा, ऑर्डिनरी, अर्जंट की लाइटनिंग ते सांगायचं, आणि फोनशेजारी बसून राहायचं. घंटा वाजली तर लागला. नाही वाजली तर का नाही, हे सांगणारं कुणी नसे. पलीकडचं माणूस घरात नाही, की घरात आहे पण तार तुटली आहे, की तार ठीक आहे पण मधल्या एक्स्चेंजवर गर्दी आहे? तिन्हींचा आवाज एकच, म्हणजे शांतता.

ही शांतता ऐकत बसायचं नाही, असं सगळ्यात आधी रेल्वेने ठरवलं. १८८०च्या दशकात सदर्न मराठा रेल्वे बेळगावला पोचली ती एकेरी रुळांवरून. एकाच रुळावरून दोन्हीकडच्या गाड्या जाणार, म्हणजे गाडी सोडायच्या आधी पुढच्या स्टेशनला विचारणं आलं. ‘लाइन क्लिअर’ हा शब्द त्यातून आला आणि लग्न जमवणाऱ्यांच्या तोंडीही रुळला. पुढे अशा एकेरी मार्गांवर नीलचं बॉल टोकन यंत्र आलं. पलीकडच्या स्टेशन मास्तरने तिकडून दाबून धरल्याशिवाय इकडच्या यंत्रातून लोखंडी गोळा सुटतच नाही, आणि गोळा हातात आल्याशिवाय ड्रायव्हर हलत नाही. आधी हाक, मग ओ, मगच गाडी. संगणकांच्या जाळ्यात हीच रीत यायला पुढे बरीच वर्षं गेली. निपाणीला तर हा गोळा कधी दिसलाच नाही, कारण निपाणीला रेल्वेच नाही. तिचं सगळं येणं-जाणं महामार्गावरून.

तोच महामार्ग १९८१च्या मार्च-एप्रिलमध्ये बंद झाला. तंबाखूच्या भावासाठी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकरी निपाणीजवळ रस्त्यावर बसले, आणि ६ एप्रिलला पोलिसांच्या गोळीबारात शेतकरी मारले गेले. त्याच एप्रिलमध्ये कॅलिफोर्नियात जॉन पोस्टेल नावाच्या संशोधकाने एक कोरडा तांत्रिक मसुदा प्रसिद्ध केला. इंटरनेटवरच्या यंत्रांनी एकमेकांना अडचणी कशा कळवायच्या, याचे नियम त्यात होते. या दोन गोष्टींचा संबंध जोडणं ओढूनताणून होईल, म्हणून जोडत नाही. एक दुरुस्त मसुदा त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये आला, तो आजही चालतो. त्याचं नाव आयसीएमपी.

त्या नियमावलीत निरोपांना क्रमांक आहेत. तीन नंबरचा निरोप म्हणजे ‘ठिकाणापर्यंत पोचता येत नाही’. अकरा नंबरचा, ‘वाटेतच वेळ संपली’. आणि एक जोडी आहे आठ आणि शून्याची. आठ म्हणजे हाक, शून्य म्हणजे ओ. आठ नंबरची चिठ्ठी ज्या यंत्राला मिळेल त्याने तिच्यातला मजकूर जसाच्या तसा परत पाठवायचा. वाचायचा नाही, बदलायचा नाही, त्यावर मत द्यायचं नाही. पोस्टेलने नियम लिहून ठेवला, पण ती हाक मारणारं सोपं हत्यार अजून सगळ्यांच्या हाती नव्हतं.

ते आलं डिसेंबर १९८३मध्ये, अमेरिकेच्या मेरिलँड राज्यात, अ‍ॅबरडीन इथल्या लष्कराच्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीत. माइक म्युस तेव्हा पंचविशीत होता. जुलैमध्ये नॉर्वेतल्या एका बैठकीत डेव्ह मिल्स यांच्याकडून त्याने ऐकलं होतं, की हाक आणि ओ यांच्यातला वेळ मोजला तर वाटेची अवस्था कळते. त्या डिसेंबरात त्याच्या प्रयोगशाळेचं जाळं विचित्र वागू लागलं, तेव्हा त्याला ते आठवलं. एका संध्याकाळी बसून त्याने हजारभर ओळींचा प्रोग्रॅम लिहिला. युनिक्सच्या गाभ्यात तेव्हा अशी हाक मारायची सोयच नव्हती, तीही त्यालाच करावी लागली. गंमत अशी, की त्याची पहिली हाक जायच्या आत मूळचा बिघाड दुसऱ्या कुणी दुरुस्त करून टाकला होता. ज्या आजारासाठी औषध केलं त्याला ते लागलंच नाही, आणि बाकी साऱ्या जगाला लागलं.

नाव ठेवलं पिंग. पाणबुडीचं सोनार आवाज सोडतं आणि समोरच्या वस्तूवर आपटून तो परत येतो, त्या आवाजाचं हे नाव. नंतर मिल्स यांनी त्या चार अक्षरांना एक लांबलचक इंग्रजी विस्तार चिकटवला. म्युसला तो मान्य नव्हता. त्याच्या लेखी ते आवाजाचं नाव होतं आणि तेवढंच. त्याने एका परिषदेत ऐकलेला किस्सा नोंदवून ठेवला आहे. त्या माणसाच्या जाळ्यात कुठेतरी केबल सैल होती, पण कुठे ते सापडत नव्हतं. त्याने संगणकाला प्रत्येक उत्तरागणिक मोठ्याने ‘पिंग’ म्हणायला लावलं, आवाज पूर्ण वाढवला, आणि इमारतभर फिरत एकेक जोड हलवून पाहिला. जिथे आवाज थांबला तिथे दोष. मला हा किस्सा फार आवडतो, कारण आमच्याकडे माळावर माणूस उभा करून, मोटार चालू झाली का हे ओरडून विचारणारा शेतकरी नेमकं हेच करतो.

म्युस पुढे २० नोव्हेंबर २०००ला मोटार अपघातात गेला, बेचाळिसाव्या वर्षी. आयुष्यात इतर बरंच मोठं काम केलं, पण नाव राहिलं या एका संध्याकाळीमुळे. हे आधी कळलं असतं तर आणखी एखाद-दोन दिवस घालून त्यात चार सोयी वाढवल्या असत्या, अशा अर्थाचं तो स्वतःच म्हणून गेला आहे.

इकडे भारतात १९८६मध्ये अर्नेट हे संगणकांचं जाळं सुरू झालं. त्यात आठ संस्था होत्या: पाच आयआयटी, बंगळूरची आयआयएससी, दिल्लीतला इलेक्ट्रॉनिक्स विभाग आणि मुंबईतलं एनसीएसटी. एका बाजूला मुंबई, दुसऱ्या बाजूला बंगळूर. त्या दोघांच्या बरोब्बर मधे, दोन्हींपासून साधारण पाचशे किलोमीटरवर बेळगाव. म्हणजे जाळं आमच्या डोक्यावरून गेलं आणि खाली काही उतरलं नाही.

जे उतरलं ते सरकारी. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने एन. शेषगिरी यांच्या नेतृत्वाखाली १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात निकनेट उभं केलं. जिल्ह्याच्या ठिकाणी एक छोटी डिश, आणि दिल्लीत मुख्य भूकेंद्र. रचना चाकाच्या आऱ्यांसारखी होती. प्रत्येक आरा दिल्लीच्या आसाला जोडलेला, शेजारच्या आऱ्याशी त्याचं थेट नातं नाही. बेळगावचा निरोप कोल्हापूरला जायचा तर आधी वर उपग्रहावर, तिथून दिल्लीत खाली, दिल्लीतून पुन्हा वर, आणि मग कोल्हापुरात खाली. हा उपग्रह विषुववृत्तावर सुमारे छत्तीस हजार किलोमीटर उंचीवर असतो. चार वेळा छत्तीस हजार म्हणजे एक लाख चव्वेचाळीस हजार. सुरुवातीला म्हटलेला दीड लाखाचा आकडा तो हा. एवढं अंतर जायला रेडिओलहरीला जवळजवळ अर्धा सेकंद लागतो, आणि ओ यायला आणखी अर्धा. त्या काळच्या निकनेटवर कुणी पिंग मारत नव्हतं, तिथले नियम वेगळे होते; पण गणित नियमांवर अवलंबून नसतं. हीच हाक जमिनीतल्या काचेच्या तंतूतून थेट गेली असती, तर जाऊन-येऊन सेकंदाचा हजारावा भाग पुरला असता.

यात दिल्लीची खोडी काढायचा हेतू नाही. तेव्हा खेड्यापाड्यांतून केबल टाकण्यापेक्षा आकाशातून जाणं शहाणपणाचंच होतं. पण १ नोव्हेंबर १९५६च्या राज्य पुनर्रचनेपासून बेळगाव ते मुंबईचा प्रत्येक कागद कुठून फिरून येतो हे पाहत आलेल्या माणसाला या रचनेत एक ओळखीची गोष्ट दिसते. शेजारी असून उपयोगाचं नाही, वाट असावी लागते.

१५ ऑगस्ट १९९५ला विदेश संचार निगमने इंटरनेट सामान्य माणसाला खुलं केलं, पण ते मोठ्या शहरांत. गावाकडच्याला तिथवर पोचायचं तर मोडेमवरून एसटीडी लावणं आलं, म्हणजे इंटरनेटच्या बिलाआधी फोनचं बिल. नोव्हेंबर १९९८मध्ये खासगी कंपन्यांना परवानगी मिळाली आणि मग सायबर कॅफेंचं पीक आलं. टिळकवाडीत, कॉलेज रोडला, निपाणीत. प्लायवूडचे आडोसे, तासावर पैसे, आणि मोडेमचं ते किंचाळणं. पान उघडेना की गिऱ्हाईक ओरडायचं, ‘नेट गेलं!’ मग कॅफेवाला येऊन ‘रन’च्या चौकटीत पिंग लिहायचा, पुढे याहूचं नाव. विंडोजमध्ये चार हाका जातात, बत्तीस-बत्तीस बाइटच्या. चार ओळींत उत्तर आलं तर दोष याहूच्या पानाचा किंवा गिऱ्हाइकाच्या धीराचा. चारदा ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ आलं तर दोष आपल्याकडचा, आणि तास थांबवायचा की नाही यावर वाद. माझ्या माहितीतल्या अनेकांनी पिंगचा अर्थ पुस्तकात वाचला नाही. तो या वादातून कळला.

त्या वर्षांतली कमी लोकांना ठाऊक असलेली गोष्ट अशी, की दोन भारतीय कंपन्यांची जाळी भारतात एकमेकांना भेटतीलच असं नव्हतं. बेळगावच्या कॅफेने एका कंपनीचं कनेक्शन घेतलं असेल आणि कोल्हापूरच्या मित्राने दुसरीचं, तर या दोघांमधलं पॅकेट समुद्राखालून अमेरिकेला जाऊन परत येऊ शकत असे. दिल्ली परवडली म्हणायची. यावर उपाय म्हणून जून २००३मध्ये नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया, निक्सी, स्थापन झालं. देशातली वाहतूक देशातच एकमेकांच्या हवाली करायची जागा. पहिली ठिकाणं होती ती अर्थातच महानगरं. म्हणजे कोल्हापूर अमेरिकेहून जवळ आलं, मुंबई-चेन्नईपर्यंत. निपाणीच्या रस्त्याने नव्हेच.

आता बेळगावच्या त्या संस्थेकडे येतो, जिच्यामुळे हा विषय मला इथला वाटतो. १ एप्रिल १९९८ला विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ स्थापन झालं, मुख्यालय बेळगावजवळ मच्छे इथे. कर्नाटकातली अभियांत्रिकी महाविद्यालयं एकाच विद्यापीठाखाली आली. बिदरच्या पोराची प्रश्नपत्रिका बेळगावच्या नावाने निघू लागली. इतकी पसरलेली महाविद्यालयं सांधायची कशी? इस्रोने २० सप्टेंबर २००४ला एज्युसॅट हा शिक्षणासाठीचा उपग्रह सोडला, आणि त्याच्या सुरुवातीच्या प्रयोगासाठी निवडलेल्या तीन विद्यापीठांत हे एक होतं. दुसरं नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ, तिसरं मध्य प्रदेशातलं राजीव गांधी तांत्रिक विद्यापीठ. सीमेच्या दोन बाजूंची दोन विद्यापीठं एका प्रयोगात आली, तीही जमिनीपासून छत्तीस हजार किलोमीटरवर. अशा वर्गात प्रश्न विचारला की शिक्षकाचं उत्तर यायच्या आधी एक छोटा खड्डा पडतो. तो खड्डा म्हणजे उपग्रहाच्या हाकेची लांबी. कितीही पैसे ओतले तरी तो बुजत नाही, कारण तो प्रकाशाच्या वेगाचा आहे.

याच विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात, संगणकशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाच्या नेटवर्क लॅबमध्ये, वर्षानुवर्षं एक प्रयोग आहे. सहा नोडचं जाळं रचा, त्यावरून पिंगचे संदेश पाठवा, आणि कोंडीमुळे किती पॅकेट गळाली ते काढा. हजारो मुलामुलींनी तो केला आहे. एनएस-टू नावाचं सिम्युलेटर, त्यात टीसीएल भाषेतली पानभर फाइल. चार नोड इकडे-तिकडे, मधल्या दोघांना जोडणारा रस्ता मुद्दाम अरुंद ठेवायचा, आणि सगळ्यांना एकदम हाका मारायला लावायच्या. कोंडी होते. मग ट्रेस फाइलमधल्या ‘डी’ अक्षराने सुरू होणाऱ्या ओळी मोजायच्या, ‘डी’ म्हणजे ड्रॉप, आणि तो आकडा रेकॉर्डमध्ये लिहायचा. व्हायव्हात विचारायचा खोडसाळ प्रश्नही ठरलेला: पिंग कुठल्या पोर्टवर चालतं? उत्तर, कुठल्याच नाही. ते पोर्टच्या खालच्या मजल्यावर राहतं.

या प्रयोगाची थट्टा करणारे पुष्कळ. आदल्या रात्री सीनियरची फाइल मिळते, सकाळी चालवली की झालं. आणि हेही खरं, की या प्रयोगातली हाक त्या एका संगणकाबाहेर कधी जातच नाही. सहाही नोड एकाच डब्याच्या पोटात. तरी मला तो अभ्यासक्रमातला सगळ्यात प्रामाणिक प्रयोग वाटतो. बाकी ठिकाणी मुलांना जाळं कसं चालतं ते शिकवतात. इथे ते कसं चालत नाही ते मोजायला लावतात. रस्ता आहे, दोन्ही टोकांना माणसं जागी आहेत, तरी निरोप वाटेत गळतो. निपाणीच्या चौकात उसाच्या हंगामात उभं राहिलेल्याला हे समजवावं लागत नाही.

पिंगचं भोळेपण मात्र टिकलं नाही. नियमाप्रमाणे एका पॅकेटची कमाल लांबी ६५,५३५ बाइट. १९९६च्या सुमारास कुणाच्या तरी लक्षात आलं, की तुकडे करून त्याहून मोठी हाक पाठवली तर समोरचं यंत्र ती जोडताना कोसळतं. त्याला ‘पिंग ऑफ डेथ’ म्हणत. ऑगस्ट २००३मध्ये नाची नावाची संगणक-अळी आली. ती आधी पिंग मारून कोण जागं आहे ते बघायची आणि मग घुसायची. तिच्या नुसत्या हाकांनीच जाळी तुंबली. तेव्हापासून अनेक ठिकाणी फायरवॉलवाल्यांनी ठरवून टाकलं, की कुणी कितीही हाक मारो, ओ द्यायची नाही. यंत्र आत ठणठणीत असतं, पानं वाढत असतं, फक्त बोलत नाही. म्हणून शांततेचा अर्थ लावणं पुन्हा ट्रंक कॉलच्या काळाइतकंच अवघड झालं.

मोबाइलने यात आणखी एक पदर जोडला. आधी पत्त्यांची गुंतागुंत होतीच. १९७२मध्ये श्रीराम भिकाजी वेलणकर या कोकणातल्या मराठी माणसाने देशाला पिनकोड दिला, त्यात कागल ४१६२१६ आणि जेमतेम वीस किलोमीटरवरची निपाणी ५९१२३७. फोनच्या कोडात कोल्हापूर ०२३१, बेळगाव ०८३१, आणि बेळगावला खेटून ०८३२ गोवा! पण मोबाइलच्या हिशेबात तोच गोवा महाराष्ट्राच्या सर्कलमध्ये आणि बेळगाव कर्नाटकच्या. प्रत्येक खात्याने आपापली सीमा आखलेली. राज्याची सीमा कोगनोळीजवळ असली तरी टॉवरची लहर तिथल्या नाक्यावर थांबत नाही. घरात बसल्या बसल्या फोन शेजारच्या राज्याचा टॉवर पकडायचा आणि रोमिंग लागायचं. १ मे २००३पासून इनकमिंग फुकट झालं ते आपल्या सर्कलपुरतं; त्यामुळे सीमेवरच्या शिवारात येणारा फोन उचलायचा की नाही, हे रेंज बघून ठरे. यावर सगळ्या देशाने शोधलेला तोडगा म्हणजे मिस्ड कॉल. एक रिंग, कट. मजकूर नाही, पैसे नाहीत. पोचलो, निघ, खाली ये, जे ठरलं असेल ते. पोस्टेलची आठ नंबरची चिठ्ठी याहून वेगळी नव्हती. रोमिंगचा जाच पुढे २०१६-१७च्या आसपास संपला, पण ‘नॉट रीचेबल’ हा शब्द मराठीत मुरला, इतका की जून २०२२मध्ये एकनाथ शिंदे मुंबईतून निघाले तेव्हा वर्तमानपत्रांना मथळ्यासाठी दुसरा शब्द शोधावा लागला नाही.

परवा बेळगावात बसून कोल्हापुरातल्या एका मशीनला पिंग करून पाहिलं. ओ आली, पण एकशे दहा किलोमीटरला शोभेल अशी नव्हती, बरीच सावकाश आली. मग ट्रेसराउट चालवलं. १९८०च्या दशकाच्या शेवटी व्हॅन जेकबसन यांनी ते लिहिलं. पहिल्या चिठ्ठीला एकच मुक्काम टिकेल एवढं आयुष्य द्यायचं, दुसरीला दोन, तिसरीला तीन. जिथे चिठ्ठी मरते तिथला राउटर अकरा नंबरचा निरोप धाडतो, आणि असे एकेक मुक्काम कळत जातात. पहिल्या ओळीत घरातला राउटर. दुसऱ्या ओळीत गावातलाच कुणी. तिसऱ्या ओळीच्या नावात बंगळूरची खूण, म्हणजे कोल्हापूरला निघालेली स्वारी आधी पाचशे किलोमीटर उलट्या दिशेला. चौथ्या ओळीत नावच नाही, नुसते तीन तारे. तिथला राउटर वाट देतो, पण ओ देत नाही. पाचव्या ओळीत मुंबई.